यातली थरथरणारी कुठली?

आमच्या दुकानात नियम एकच: बूट काढायचे
आणि दहा मिनिटं गप्प पडून राहायचं.
दोन मिनिटांत कुणालाही कुठलीही गादी आवडते.
सातव्या मिनिटाला कंबर खरं बोलायला लागते.

अकरा वर्षं झाली, ओबनच्या या बंदरात मी
परक्या माणसांना भरदिवसा आडवं झालेलं बघते आहे.
कुशीवर झोपणारे आधी खांदा रुतवून पाहतात.
पाठीवर झोपणारे हात छातीवर ठेवतात,
आणि पटकन काढून घेतात.
नवी जोडपी दुहेरी गादी मागतात.
मी सांगते, एकाने कूस बदलली
की दुसरा होडीत बसल्यासारखा हलतो.
ती हसतात.
ऑगस्टमध्ये येऊन दोन एकेरी घेऊन जातात.

टॉर्किल मॅकफेल आला तो ऊनाने लिहिलेली यादी घेऊन:
तंबूचे खुंटे, चिलटांचं औषध,
माझ्या कमरेला सोसेल अशी गादी.
आणि खाली, वेगळ्या पेनाने: तुझ्यासाठीही एक.

ऊनाची पाच मिनिटांत ठरली.
फुगवायची, वीतभराला थोडी कमी,
आत चंदेरी पडदे, मार्चमधल्या जमिनीचा गारठाही
वर येऊ न देणारी.
स्वतःसाठी मात्र तो एकेक गादीवर पडला
आणि एकेकीवरून उठला.
कुरकुरते का? नाही. टोचते? नाही.
मऊ आहे ना? आहे की.
मग टोपी बोटांत फिरवत, माझ्याकडे न बघता,
"यातली थरथरणारी कुठली?"

चौतीस वर्षं फेरीबोटीवर, इंजिनखोलीत.
इंजिनाच्या डोक्यावरच त्याची झोपायची फळी.
"थरथर थांबली की मला जाग यायची.
थांबली म्हणजे काहीतरी बिघडलं.
नोव्हेंबरात निवृत्त झालो.
तेव्हापासून घर रोज रात्री थांबलेलंच असतं."

कंपनीच्या तक्त्यात जाडी असते, वजन असतं,
उबेचा आकडा असतो. मी तरी तक्ता उलटसुलट करून पाहिला.

शेवटी उरली एक राखाडी फोमची चटई,
बोटभर जाड, सुतळीने बांधलेली वळकटी.
शाळेतली पोरं पहिल्या वर्षी नेतात ती,
आणि जन्मभर नावं ठेवतात.
पसरली. तो पडला. मी घड्याळ लावलं.

सहाव्या मिनिटाला मलहून येणारी पाचची बोट लागली.
धक्का आमच्यापासून एकच गल्ली पलीकडे.
बोट वळते तेव्हा काउंटरवरच्या वाडग्यातल्या
शिट्ट्या किणकिणतात; मला तर ऐकूही येत नाही आता.
जाड गाद्यांवरच्या कुणाला ते कधी कळलंच नव्हतं.
टॉर्किलचा हात आपसूक जमिनीवर गेला,
तळवा पसरून, पोराचा ताप बघावा तसा.
"डावीकडचं," तो म्हणाला, "जरा कुरबुर करतंय."
आणि घोरायला लागला.

दहा मिनिटं झाली. घड्याळ वाजायच्या आत मी बंद केलं.
साडेपाचला दारावरची पाटी फिरवली, निम्मे दिवे घालवले.
एक बाई रेनकोट बदलून मागायला आली,
तिच्याशी मी सगळं खुणांनीच बोलले;
तिनेही नोटा हळूच मोजल्या.
पावणेसहाला बोट सुटली. जमीन निवली.
त्याच क्षणी टॉर्किल ताडकन उठून बसला.
"काय बिघडलं?"

काही नाही, म्हटलं. नऊ पौंड झाले.

त्या ओसाड किनाऱ्यावर काय थरथरणार होतं,
हे विचारायला हवं होतं; विचारलं नाही.
नऊ पौंडांत किती प्रश्न बसतात?

जूनअखेरीस ऊना आली, औषध संपलं म्हणून.
कंबर छान होती.
"हा तंबूबाहेर, पार पाण्याच्या रेषेशी अंथरतो," ती म्हणाली.
"भरती येताना झोपतो, डाराडूर.
ओहोटी लागली की उठतो, अंथरूण मागे ओढतो
आणि काहीतरी करायचं म्हणून चहा करतो. पहाटे तीनला.
मलाही उठवतो."

चहा बरा होतो का, मी विचारलं.

"डिझेलसारखा," ती म्हणाली,
आणि औषधाच्या दोन बाटल्या जास्त घेतल्या.