दुसरा पियानो

मी सूर लावणारा. वर्षातून दोनदा जातो,
हीटर सुरू झाला की एकदा, बंद झाला की एकदा.
लिएपायाची संगीत शाळा, तिसरा मजला, खोली सात.
खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबलेली,
तरी समुद्रावरचा वारा आत येतोच
आणि लाकडाचे कान भरून जातो.

दोन पियानो. एक लांब, काळा, विद्यार्थ्यांचा.
एक उभा, तपकिरी, हीटरच्या कुशीत वाळलेला.
तो स्काइद्रीते बाईंचा.
काळा ताठ सुरात बसतो.
तपकिरीला तिथवर चढवलं तर तारा तुटतील,
म्हणून मी काळ्यालाच जरा उतरवतो.
थोरल्यानं उतरायचं, दुसरं काय.
परीक्षकांना हे कळत नाही.
बाईंना कळतं. त्या कॉफी देतात.

तो तपकिरी म्हणजे ऑर्केस्ट्रा.
अडीचशे वर्षांपूर्वी कुणी एक कॉन्चेर्तो लिहिला,
त्यात व्हायोलिनं होती, दोन ओबो, दोन हॉर्न,
मेणबत्त्या, केसांच्या टोपांवरची पावडर,
मागच्या रांगेत खोकणारं कुणी.
पुढे दुसऱ्या कुणी ते सगळं बिऱ्हाड
दहा बोटांत बसवलं.
जागा कमी पडली. काही माणसं बाहेर राहिली.
बाईंच्या प्रतीत त्यांची नावं पेन्सिलीनं:
‘इथे दुसरा ओबोही होता.’
‘हॉर्न. लांबून. आठवावा.’

एकेचाळीस वर्षं त्या ऑर्केस्ट्रा आहेत.
विद्यार्थ्याकडे पाठ करून बसावं लागतं,
म्हणून तपकिरीवर सायकलचा आरसा स्क्रूनं बसवलेला.
त्यात एकेक मूल येऊन गेलं,
खांदे, वेणी, चावलेला ओठ.
प्रवेशाची जागा आली की बाई आरशात बघून
मान हलवत, इतकीशी.
मूल सुरू होई.
पुढे ती मुलं रीगाला गेली, हॅम्बुर्गला गेली,
एक मासळीच्या कारखान्यात हिशोब लिहितो.

यंदा मार्चमध्ये रूडॉल्फ्स बर्फावर घसरला.
डावं मनगट प्लास्टरमध्ये, परीक्षा गेली.
तरी तो तासाला आला, आणि बूट पुसता पुसता म्हणाला,
आज मी ऑर्केस्ट्रा होतो.
एका हाताचा.

मी उभ्याचं झाकण नुकतंच बसवलं होतं. जायला हवं होतं.
गेलो नाही.

तो वाजवू लागला. नुसती व्हायोलिनं,
खाली जमीनच नाही.
बाई काळ्यासमोर बसल्या.
या कॉन्चेर्तोत सुरुवातीला एकट्या वाजवणाऱ्यानं
बराच वेळ गप्प बसायचं असतं,
हाताची घडी घालून, पाहुण्यासारखं.
एकेचाळीस वर्षांत त्यांना ते कधी करावं लागलं नव्हतं.

त्यांचा डावा हात मांडीवर होता.
बघतो तर तो चाललाय.
लोकरीच्या स्कर्टवर बोटं दाबत, उचलत,
पोराला जमत नव्हती ती सगळी खालची ओळ
त्या आवाज न करता भरत होत्या.
चेलो, बास, आणि मला वाटतं
तो दुसरा ओबोसुद्धा.

प्रवेशाची जागा आली.
गेली.
स्कर्टवरची बोटं चालतच राहिली.

रूडॉल्फ्स थांबला.
आरसा त्याच्या उंचीला नव्हता, मान ताणून
त्यानं त्यात पाहिलं आणि म्हणाला,
बाई, आता तुम्ही.

मी नळाकडे बघत राहिलो.
एखादी बाई अशी लाजलेली दिसली
की बघू नये.

त्यांनी वाजवलं. कसं, ते विचारू नका,
मी तारा ओळखतो, वाजवणं नाही.
दोनदा अडखळल्या.
एकदा चुकून व्हायोलिनंच वाजवू लागल्या,
दोघांचे सूर एकाच जागी आदळले,
पोरगं खो खो हसलं,
मग त्याही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो. हीटर तापलेला.
तपकिरी नेहमीसारखा खाली आलेला.
आरसा मात्र बोटभर वाकवलेला होता,
बसक्या माणसाला दिसेल असा.
स्क्रू सैल होता.
खिशात पाना होता.
मी तो तसाच घट्ट केला.