आज सकाळपासून

रात्री कधीतरी बाहेर टणकन आवाज झाला.
मी उठले नाही. लुईस बेटावर जानेवारीत
वारा काय काय आपटतो,
कोण बघायला जातं.

सकाळी गाडी उभी होती
कडेवर मूल घेतलेल्या बाईसारखी,
एका अंगाला कलून.
एकोणीस वर्षांची स्कोडा. पावणेदोन लाख मैल.
मागच्या सीटवर बँडेजं, इन्सुलिन,
आणि कुणीकुणी बळेच दिलेली अंडी.

टॉर्मडच्या शेडपर्यंत पहिल्या गिअरमध्ये नेली.
प्रत्येक खड्ड्याला ती दात खात होती.
तो खाली सरकला. नुसते बूट दिसत राहिले.
"कधीपासून आवाज येतोय?"
"आज सकाळपासून."
बूट काहीच बोलले नाहीत.

पुढची उजवी स्प्रिंग.
खालचं वेटोळं सुटून टायरला टेकलेलं,
आणखी बोटभर, आणि समुद्राकडच्या वळणावर
मी वेगळीच गोष्ट झाले असते.
"दोन्ही बदलू," टॉर्मड म्हणाला.
"डावी तर धड आहे."
"धड आहे, पण बसलेली आहे.
म्हातारीशेजारी तरणी बांधलीस
तर गाडी जन्मभर वाकडी चालेल."

सुटे भाग बोटीने येणार,
आणि बोट तीन दिवस निघालीच नाही.
मी डॉलिनाच्या पोस्टाच्या गाडीत
पार्सलं मांडीवर घेऊन घरोघर गेले.

आँगसचा मोजा टाचेला चिकटलेला.
कोमट पाण्याने भिजवून भिजवून काढला.
जखमेचे काठ पांढरे, निबर.
"कधीपासून दुखतंय?"
"आज सकाळपासून," तो म्हणाला,
आणि खिडकीतून समुद्र बघू लागला,
जसा काही टाच त्याची नव्हेच.
मी त्याला बोलले. बरंच बोलले.

चौथ्या दिवशी बोट आली.
टॉर्मडने स्प्रिंगला दोन्हीकडून आकडे लावले,
रेडिओ बंद केला.
"समोर उभी राहू नकोस."
एकदा हा नट, एकदा तो, पाव पाव आटा.
वेटोळी जवळ येत गेली
भांडण गिळणाऱ्या माणसाच्या ओठांसारखी.
शेडमध्ये त्याच्या श्वासाशिवाय काही नव्हतं.
सुटली असती तर छप्पर फोडून गेली असती.
नाही सुटली.

मग त्याने तुटका तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.
जड, गार.
तुटीचा तोंडवळा जवळजवळ सगळा काळा,
एका कडेला फक्त
माशाच्या खवल्याएवढं चकचकीत.
"चमकतंय ना, तेवढंच परवा तुटलं.
काळी आहे ती जुनी चीर. मीठ आत गेलंय.
दोन हिवाळे तरी."

दोन हिवाळे.
म्हणजे मुर्दिनाला इस्पितळात नेलं ती रात्र,
रस्त्यावर बर्फ, मागे तिचं कण्हणं,
आणि आम्ही दोघी
त्या खवल्याएवढ्या पोलादावर.

"आवाज येत असणार," टॉर्मड म्हणाला.
"यायचा," मी म्हटलं.
"मी रेडिओ मोठा करायची."
तो हसला नाही. फडक्याला हात पुसत राहिला,
हात स्वच्छ झाल्यावरही.

डावी जुनी स्प्रिंग मी मागून घेतली.
खुराड्याच्या दाराला लावून ठेवीन म्हटलं, वाऱ्यासाठी.
अजून गाडीतच गडगडते.

नव्या स्प्रिंगांवर गाडीचं नाक तीन बोटं वर.
दिवे रस्ता सोडून टेकडीवर पडत होते,
अंधारात मेंढ्यांचे डोळे पेटत होते एकेक,
आणि मला समोरचं सोडून
वरचं सगळं दिसत होतं.
हळू चालवत आँगसकडे गेले.

"काय झालं होतं गाडीला?"
"स्प्रिंग."
"कधीपासून?"
मी पिशवी जमिनीवर ठेवली.
"दोन वर्षं."
तो आपल्या मोज्याकडे बघत बसला.
चुलीतलं पीटचं ढेकूळ खचलं.
"ऑगस्ट," तो म्हणाला,
आणि पाय पुढे केला.