चौबगला

एका अख्ख्या देशाचं सैन्य
माझ्या एका वहीत मावलं.
दोनशेपानी वही, तीही पुरती भरली नाही.
एकशे ब्याऐंशी जणांची मापं आत,
आणि बँडवाले अकरा मागच्या पुठ्ठ्यावर,
कारण त्यांची उशिरा आली.

बोरा बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
पिसे शेठनी नकाशा पसरला. बेट सापडेना.
काज-बटणवाल्या जरीनानं सुईचं टोक टेकवलं,
म्हणाली, हे काय, इथंय,
आणि सुईखाली ते पुन्हा झाकलं गेलं.

आम्ही पलटणींचे कपडे शिवलेली माणसं.
अडतीसचे चारशे, चाळीसचे सहाशे.
इथं मात्र प्रत्येकाला नाव, नावापुढं शेरा.
प्रायव्हेट डेझमंड : डावा खांदा अर्धा इंच खाली.
कॉर्पोरल युनिस : उजवी बाही सैल, फास्ट बोलिंग टाकते.
लान्स कॉर्पोरल फिट्झरॉय : पोट.
एवढंच. पोट, आणि उद्गारचिन्ह.
हे लिहिणारी त्यांच्या भांडारावरची सार्जंट जोसेलिन;
तिच्या स्वतःच्या ओळीत कमरेचा आकडा
दोनदा खोडलेला.

यांचा शत्रू कोण हो, शेठ विचारायचे,
आणि स्वतःच हसायचे.

पांढरा कोट, पाच पितळी बटणं,
बटणावर पक्षी. जरीना म्हणे बगळा,
मी म्हणे पाणकोळी, चोच बघ की.
संचलनाच्या कोटाची बगल मी वर घेतो, घट्ट.
हात सलामीपुरता उठावा.
त्याहून वर नेला की पाठ ओढली जाते
आणि माणूस मुकाट ताठ उभा राहतो.
ताठपणा शिपायात नसतो, कापात असतो.

सप्टेंबरात पत्रं थांबली.
सतरा दिवस.
शेठ म्हणाले, बुडालं.
पैशांबद्दल म्हणाले.

मग चार ओळी आल्या, दुसऱ्याच कुठल्या बेटावरून.
संचलन रद्द. वादळ झालं.
बराकीचं छप्पर गेलं, दोन शाळांचं, इस्पितळाचं.
सगळे पत्रे चढवताहेत.
कोट नकोत, त्याच मापाचे खाकी सदरे मिळतील का?
खाली एकटंच वाक्य :
हात वर जायला हवेत.

शिपायाचे हात वर म्हणजे शरण,
मला इतकंच ठाऊक.

त्या रात्री मी टेबलावर खाकी अंथरलं आणि बसून राहिलो.
आमच्याकडं, खटावात, बंड्या शिवायचे
विहिरी खणणाऱ्यांच्या, दगड फोडणाऱ्यांच्या.
बगलेत चौकोनी तुकडा, तिरका बसवलेला.
तो दिसत नाही,
पण घण डोक्यावर जातो आणि बंडी कमरेवरून हलत नाही.
चौबगला.
चाळीस वर्षांत मी एकही कापला नव्हता;
गणवेशात त्याला कोण विचारतो?

एकशे त्र्याण्णव गुणिले दोन.
बँडवालेही छपरावरच असणार.
नवी यादी आली नव्हती,
म्हणजे सगळे आहेत, असं मी धरलं.
फिट्झरॉयचं पोट सतरा दिवसांत उतरलं असेल का?
विचारायची लाज वाटली. होतं तेवढंच ठेवलं.
जोसेलिनच्या खोडलेल्या दोन आकड्यांपैकी
मोठा घेतला. वाकावं लागत असेल.

खाकी मोजून आणलेलं. चौकोनांना पुरेना.
पांढरे कोट अर्धे कापून पडले होते;
मी त्यांच्या पाठी घेतल्या.
जरीनानं पाहिलं, काही बोलली नाही,
फक्त सुईत पांढरा दोरा ओवला.

तीन खोकी गेली. गोदीपर्यंत हातगाडीवर.
तिथं आता कुणी पत्रा वर देत असेल,
कुणी वरून घेत असेल,
आणि हात उठला की खाकीच्या आत
वितभर पांढरं दिसत असेल.

शेठना अजून सांगितलेलं नाही.
ते बटणांच्या डब्याला विचारतात,
ही हजारभर बदकं मी कुणाला विकू?