चौदा सेंटिमीटर

भूकंपानंतर अकराव्या दिवशी मला पाठवलं
घळीतलं जुनं धुणीघर मोजायला.
हातात फॉर्म, त्यात तीन रकाने :
राहू द्या. दुरुस्त करा. पाडा.
तिसऱ्यात साहेबांनी आधीच पेन्सिलीचं
एक बारीक टिंब देऊन ठेवलेलं.

वाल्पाराइसोत सगळंच चढावर.
खाली बंदर, क्रेन, गंजके कंटेनर,
वर पत्र्याची घरं, जहाजांच्या उरलेल्या रंगांत रंगवलेली.
धुणीघराच्या हौद्या तळाला, झऱ्यापाशी,
वाळवणाची गच्ची वर, वाऱ्यात,
आणि दोन्हींच्या मधे जिना.
चढून गेले, धाप लागली नाही.
वाटलं, सकाळची वेळ आहे म्हणून.
मग टेप लावली.
चौदा सेंटिमीटर. पुढची चौदा. त्यापुढचीही.
या गावातल्या पायऱ्या अठराच्या असतात,
कुठे वीसच्या, जिथे मुकादमाला घाई होती.

नकाशे दफ्तरात मिळाले, दमट हवेने फुगलेले.
कोपऱ्यात सही : ओ. बास्कुन्यान.
कारकुनांनी ‘ओ’चा ओस्वाल्दो केला
आणि चाळीस वर्षं त्या न जन्मलेल्या माणसाच्या नावाने
फायली या टेबलावरून त्या टेबलावर गेल्या.

ओतिलिया.
वर्गात सतरा टोप्या आणि ही.
प्राध्यापक म्हणाले, सेन्योरिता, तुम्ही पडदे छान निवडाल.
थोरला भाऊ म्हणाला,
माणसाने आपली पायरी ओळखून असावं.

डोन्या एउलोखिया नव्वदीची आहे, घळीच्या तोंडाशी राहते.
तिला आठवतात ते बूट. पुरुषी, एकाची नाडी सुतळीची.
“रोज पहाटे यायची आमच्या मागे मागे.
तेव्हा नुसती मातीची वाट होती.
आई दमून थांबली की तिथे खडूने रेघ मारायची.
एकदा म्हणाली, पाटी द्या माझ्या डोक्यावर.
ओली चादर वर चढवायची म्हणजे काय,
ते काही पुस्तकात नसतं.
अर्ध्यात बसली खाली. आम्ही हसलो.
ती पण हसली, पण मग वहीत काहीतरी लिहीत राहिली.”

म्हणून टप्पे सारखे नाहीत.
तेवीस पायऱ्यांनंतर थांबा,
मग एकोणीस, मग सोळा, बारा,
आणि शेवटी, जिथे गुडघे बोलू लागतात, नऊच.
प्रत्येक थांब्यावर कमरेइतका कट्टा,
पाटी टेकवावी, खाली वाकू नये.
कट्ट्याची कड गोल झालीय, साबणासारखी.
मी हात ठेवला. थोडा वेळ काढलाच नाही.

भेग आहे. दिसेल अशी आहे.
पण ती नगरपालिकेने नंतर जोडलेल्या भिंतीत.
तिच्या तुळयांना खिळा नाही,
लाकडात लाकूड अडकवलेलं, किंचित सैल,
धरणी हलली तर हलायला जागा ठेवून.

पुढे तिला काय मिळालं? फारसं नाही.
एका इस्पितळाचं स्वयंपाकघर,
कुणा मेजरचा कोंबड्यांचा खुराडा,
दुसऱ्यांच्या कचेरीत दुसऱ्यांच्या इमारतींची दारं.
किल्पुएत बहिणीकडे वारली.
खोक्यात पेन्सिली होत्या, तीन बोटं उरलेल्या,
आणि ती वही.
एका पानावर फक्त : “मोनिका गरोदर. सोळावर थांबते. बदलायला हवं.”

मी टिंब खोडलं. कागद जरा खरवडला गेला.
कारणासाठी एकच ओळ होती,
तिच्यात हे सगळं मावेना.
‘पायरी ओळखून बांधलेलं’ असं लिहिलं, खोडलं,
शेवटी नुसतं माप टाकलं.
साहेब विचारतील. विचारू देत.

निघताना डोन्या एउलोखियाने हाक मारली.
तिला रकान्यांशी काही घेणं नव्हतं.
“ते जाऊ दे, बाई,” म्हणाली,
“आधी सांग,
हौद्यांना पाणी कधी सोडणार?”