पासंग

वागळे इस्टेटीत मी काटे तपासते.
म्हणजे लोकांचे वजनकाटे : सराफांचे, औषधवाल्यांचे,
एकदा एका केशरवाल्याचा.
काचेच्या पेटीबाहेर श्वास धरून
चिमट्यानं वजन ठेवायचं,
आकडा थरथरतो, तो थांबेपर्यंत थांबायचं,
मग सही.

अप्पांकडे सही नव्हती, अंगठा होता.
जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत अडीच हातांची पेढी,
पितळी तराजू बोटांत धरला
की नाडीसुद्धा थांबवतो हा पोतदार,
असं शेजारचा रेवाळे कासार सांगायचा.

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.
तोळा म्हणजे राणीछाप रुपया, न झिजलेला.
वाल मात्र विचारायचा नाही.
कुणाचा दोन गुंजांचा, कुणाचा तीन,
"ज्याचा त्याचा वाल," म्हणत अप्पा
आणि विषय बिरड्यावर नेत.

गुंजा येऊरहून यायच्या.
बारकी वारलीण पानाच्या द्रोणात आणायची,
लाल अंग, काळा डोळा, शंभराला चार आणे.
अप्पा एकेक पारड्यात घालून निवडायचे :
ही पोचट, ही ओली, ही मातलेली.
शंभरातल्या वीस राहायच्या.
बाकीच्या ऐंशी मला, खेळायला,
"तोंडात घालू नको, विष असतं."
बारकी हसायची,
"वेलाला काय ठावं, त्यानं सोनं मोजायचंय?"

बाळकुमच्या चांगुणाबाय भोईर
दर दिवाळीला एक पुतळी नेत.
त्या काट्याकडे कधी बघत नसत,
अप्पांच्या तोंडाकडे बघत.
वीस पुतळ्यांची माळ झाली
आणि एका श्रावणात ती मोडायला आली.
का, ते अप्पांनी विचारलं नाही.
तीनदा तोललं. वही काढली.
"नेली तेवढीच आहे, बाय. गुंजभर कमी नाही."
बाईंनी पदराला डोळे पुसले, पैसे मोजले नाहीत.

मला तेव्हा कळलं नाही.
आता कळतं : वीस वर्षं गळ्यात, घामात, खाडीच्या वाऱ्यात
घासलेलं सोनं
झिजायला हवं होतं.

पुढं तोळ्याचे दहा ग्रॅम झाले.
वरचं दीड ग्रॅम कुठं गेलं, गिऱ्हाइकांनी विचारलं नाही,
सराफांनी सांगितलं नाही.
अप्पांची तब्येत तोळामासा झाली, मग तीही उरली नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा तराजू उघडला.
एका पारड्याखाली मेण.
वाळलेलं, काळपट, अंगठ्याची रेघ उमटलेलं.
पासंग.
दांडी तिरकी असेल तर लावतात,
सचोटीची माणसंही लावतात.
दांडी सरळ असेल, तर मात्र

कामावर नेलं. सगळे गेल्यावर पेटीत ठेवलं :
एकशे सतरा मिलिग्रॅम.
निवडलेल्या वीसांत बसली असती अशी गुंज.

पण कुणाच्या बाजूची?
मालाचं पारडं कुठलं, मापाचं कुठलं,
आठवत नाही.
दांडी दोन घरं बदलताना वाकली,
आणि साखळी, ती तर मीच तोडलेली,
सातव्या वर्षी, झोका करताना,
अप्पांनी तारेनं जोडली होती, न ओरडता.
विकताना गुंज चोरली असेल
आणि घेताना परत दिली असेल.
किंवा कधीच चोरली नसेल,
त्या श्रावणात फक्त दिली असेल.
किंवा दांडीच तिरकी.

आमच्या फॉर्मात एक रकाना असतो,
त्रुटी : अधिक की उणे.
चिन्ह टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मी पेटी बंद केली.
मेण होतं तिथंच परत लावलं,
त्या रेघेवर माझा अंगठा ठेवून, दाबून,
आणि नाडी
काही केल्या थांबेना.