वाटा

रापणीची वही माझ्याकडे आहे.
चाळीस पानी, मागे पाढे छापलेली,
कोपरे खाऱ्या हवेने फुगलेले.
बाबा गेल्यावर कायतानमामाने ती मला दिली,
कारण माझी बारावी झालेली, अक्षर सुवाच्य,
आणि मला, तो म्हणाला, कुणाचीच दया येत नाही.

खरं होतं ते.

मालवणच्या दांडीवर पहाटे दोन दोऱ्या पाण्यातून येतात,
मध्ये सगळा समुद्र, अजून न मोजलेला.
एका दोरीवर आमचे, दुसरीवर गाबतांचे,
पुढच्या खेपेला उलट.
टाचा वाळूत रुतवून जो तो मागे मागे चालतो,
त्यामुळे आपण कुठे चाललोय ते कुणालाच दिसत नाही,
दिसतं फक्त जे येतंय ते.

लहानपणी मला वाटायचं, देवाचं राज्य म्हणजे समोरचा किल्ला.
पाण्यातून वर आलेला, भक्कम,
होडीचं तिकीट काढून जायचा.
आमच्याकडे तिकिटाला पैसे नसत.
म्हणून मी ते राज्य फार मनावर घेतलं नाही.

वाट्याचे नियम मात्र मला पाठ होते.
होडीचे दोन. जाळ्याचे तीन. माणसाचा एक.
शाळेला जायच्या आधी ओढून गेलेल्या पोराचा पाव.
बाळंतिणीच्या घरी पूर्ण, न मागता.

नोव्हेंबरात, मतलई वाहत असताना,
ट्रॉलरवरून काढून टाकलेला एक खलाशी आला.
त्रिनाथ. ओडिशाकडचा कुठला तरी.
जाळं गुडघाभर पाण्यात आलेलं, बांगडा उसळत होता.
त्याने दोरीला हात लावला,
फार तर वीस पावलं ओढली.
मी मोजली होती.

मी ढीग लावले. त्याचा लावला नाही.

कोंसूबाय, जी दर रविवारी प्रवचनात झोपते
आणि बरोबर दानपेटी येताना जागी होते,
टोपली खाली ठेवून म्हणाली,
"दोरयेक हात लागलो मां त्याचो? मगे वाटो घाल गो."
"वीस पावलं, बाय. फक्त वीस."
"पावलां मोजतंस?
तुझ्या बापाशीन शेवटच्या वर्साक किती टाकल्यान?"

बाबांच्या छातीत पाणी झालं होतं.
उलट्या होडीला टेकून ते बसत,
दोरी पुढून सरकत जाई,
ते नुसता तळवा तिच्यावर ठेवत,
दारावरून जाणाऱ्या गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.
घरी मासळी रोज यायची.
आम्ही तळून खायचो. विचारलं नाही कधी.

वहीची मागची पानं मी तिथेच वाळूवर उघडली.
त्या वर्षी स्वतःच्या नावापुढे
बाबांनी रोज शून्य लिहिलं होतं, गोल, प्रामाणिक.
आणि प्रत्येक शून्याला कुणीतरी
निळ्या शाईने खाली शेपूट काढलेलं.
एक. एक. एक. पावसाळ्यापर्यंत एक.

कायतानमामाकडे निळं पेन नसतं.
कोंसूबाय अंगठा उठवते.
मी विचारलं नाही.

त्रिनाथला अकरा बांगडे आले.
भांडं नव्हतं, त्याने शर्ट काढून त्यात बांधले,
आणि जाताना एक मांजराला टाकला,
त्याचंच होतं, टाकला.
दुसऱ्या दिवशी तो आला नाही.
रत्नागिरीच्या गाडीत बसताना कुणी पाहिला म्हणतात.

मी अजून उशिरा येणाऱ्यांची वेळ लिहिते.
खोड आहे, जायची नाही.
रात्री रोजरी म्हणताना "राज्य येवो" आलं
की माझ्या टाचा आपोआप जमिनीत रुततात,
हाताला माशांचा वास असतो, साबणाने न गेलेला.
आई म्हणते, नीट गुडघ्यावर बस.

सहावा भाग संपला की
वही उशाशी. पेन वहीत.
बाजारातून येताना मी निळंच घेतलं,
काळं होतं तरी.