इतिवृत्त

मंगळवार, संध्याकाळी सात. नगरपालिका, दुसरा मजला.
विषय क्रमांक चार :
ग्रँट स्ट्रीटवरचं हॅलोरनचं जोड्यांचं दुकान,
अकरा वर्षं कुलूप,
तिथे आता नऊशे माणसांचा बार.
अठ्ठेचाळीस नळ, गच्चीवर बँड, रात्री दोनपर्यंत.

मी टाइप करते. तेवीस वर्षं.
बोलणाऱ्याला तीन मिनिटं. मग लाल दिवा लागतो
आणि माणूस क्रियापदाच्या अलीकडेच
खाली बसतो.

व्हर्ना कोस्लोस्की, एकोणऐंशी, मागच्या गल्लीतली.
जोड्यांच्या जुन्या खोक्यातून कागद काढते,
चष्मा चढवते, यात चाळीस सेकंद जातात.
रविवारी सकाळी पायरीवर सापडलेल्या वस्तूंची यादी :
बाटल्या, अर्धा पिझ्झा, कुणाचा तरी दात,
एक बूट. डावा.
"आहेत तेवढ्या बारांत हे. नऊशेंचं मी कुठे ठेवू?"
सभागृह हसतं. ती हसत नाही.

टॅड प्रिबुला, कोपऱ्यावरचा.
"मी दारूच विकतो, म्हणून सांगतो.
माझ्याकडे चौदा स्टुलं. कितव्या ग्लासाला
कोण रडायला लागतो, मला पाठ आहे.
किल्ल्या काढून घेतो मी त्यांच्या. नऊशेंच्या कोण घेणार?"
टाळ्या.
दोन वर्षांपूर्वी त्याच्या निऑनच्या पाटीविरुद्ध
हेच हात वर झाले होते.
तेही मीच टाइप केलं होतं.

रेव्हरंड ओबेडाया फेन फक्त एवढंच म्हणाले :
"बुधवारी आमच्या तळघरात बारा खुर्च्या गोल मांडतो.
सोडलेल्यांसाठी.
त्यांची आणि आमची भिंत एकच आहे."
दोन मिनिटं शिल्लक होती. वापरली नाहीत.

मग वेड हॅलोरन, दुकानवाल्यांचा नातू,
पडद्यावर चित्रं, चित्रांत उंच ग्लास, उंच माणसं.
"सत्तर नोकऱ्या," तो म्हणाला.
गिरणी बंद झाल्यापासून या गावात
सत्तर हा आकडा कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता.
मागच्या रांगेतल्या दोघांनी
छातीवरचे 'नको'चे बिल्ले हळूच काढून खिशात टाकले.
इतिवृत्तात खिशांसाठी जागा नसते.

शेवटी आवाजाचा तज्ज्ञ. पासष्ट डेसिबल,
दुहेरी काच, रबरी गाद्या.
माझी बोटं त्याच्यामागे धावत होती
आणि मी स्वयंपाकघरात होते, आठ वर्षांची.
बाबा टेबलाशी. एक ग्लास, बर्फ नाही, रेडिओ बंद.
त्यांनी कधी गाणं म्हटलं नाही, बाटली फोडली नाही.
आई मात्र खिडक्या लावून घ्यायची,
जुलैतसुद्धा.
शेजाऱ्यांना वाटायचं, आमच्या घरात सगळ्यांनाच थंडी वाजते.
कुणीही मोजलं असतं तरी यंत्राचा काटा
हलला नसता.

ऑगस्टमध्ये एक दिवस ते पीत नसत.
शाळेचे बूट घ्यायला मला हॅलोरनकडे न्यायचे.
ते पाय मोजायचं गार पत्र्याचं माप,
आणि बाबा, स्वच्छ दाढीचे, वाकून अंगठा दाबून बघत :
"पुढे बोटभर जागा ठेवा हो, वाढतं पोर आहे."

माझं नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं.
कर्मचाऱ्यांनी बोलायचं नसतं.
आणि बोलले असते तर कुठल्या बाजूनं,
ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

ठराव मंजूर. चार विरुद्ध तीन.
अट : गच्चीवरचा बँड अकराला बंद.
वेडनं व्हर्नाचा हात हातात घेतला. लहानपणी तिच्याकडे
पेपर टाकायचा तो. तिनं हात काढून घेतला नाही,
पण बघितलं भिंतीकडे.

जिन्यात ती माझी वाट बघत होती, खोकं काखेत.
"माझं किती लिहिलंस?"
"सगळं," मी म्हणाले.

घरी आल्यावर उघडून पाहिलं :
श्रीमती कोस्लोस्की यांनी विरोध नोंदवला.

खाली एक ओळ वाढवली, नियम मोडून.
एक बूट. डावा.